साक्षीदार, वय वर्षे नऊ

बाबांना जाऊन अडीच महिने झाले, तेव्हा जितेंद्रभाई पुस्तकं बघायला आले. ते भाईंदर पश्चिमेलाच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. जुन्या पुस्तकांचं दुकान फोर्टात. कपाटातली निम्मी पुस्तकं बाबांनी त्यांच्याकडूनच घेतलेली. ती परत न्यायलाही तेच यावेत हे आईला आणि मला बरं वाटलं.

पुस्तकं सगळी एकाच जातीची होती. इंग्लंडच्या फौजदारी कायद्याची, दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची. कातडी बांधणी, हात लावला की बोटांना लागणारी लाल भुकटी, आणि आतमध्ये फाशीच्या, चोरीच्या, खोट्या नाण्यांच्या खटल्यांची हकीकत. पण बाबांना त्यातल्या चोरांशी कर्तव्य नव्हतं. ते शोधायचे चेटकिणींचे खटले. मेलेल्या वकिलांच्या घरून, बंद पडलेल्या ऑफिसांतून, रद्दीतून अशी पुस्तकं यायची आणि त्यात एखाद्या म्हातारीवरचा खटला असेल तरच बाबा घ्यायचे.

बाबा ठाण्याच्या कोर्टात होते. आधी नकला विभागात, मग बेंच क्लार्क. शिक्षण मॅट्रिक. जुनं इंग्रजी ते शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेक ओळ करत शिकले. मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते, पण ती पानं मला त्यांच्याएवढ्या सहज वाचता येत नव्हती. एकदा मी त्यांना विचारलं होतं, की बाबा, हाच विषय का? ते म्हणाले, "इंग्रजांनी चुका केल्या, पण निदान लिहून ठेवल्या. आपण तेवढंही करत नाही." मी म्हटलं, "हे उत्तर झालं नाही." तर म्हणाले, "नाही झालं." आणि चहा मागितला.

ते उत्तर घेऊनच ते गेले. मला राहून राहून तेवढंच लागत होतं. माणूस तीस वर्षं एक गोष्ट जिवापाड करतो, आणि का करतो ते त्याच्या मुलीला ठाऊक नाही.

जितेंद्रभाईंनी पहिलं पुस्तक उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"सुरुचीबेन, ये क्या है? पुस्तकाला रेशनकार्ड चिपकवलंय का?"

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. बाबांचं अक्षर. दुसऱ्या पुस्तकात तसाच. तिसऱ्यात तीन, एकाखाली एक.

"रोजनामा आहे," मी म्हटलं. कोर्टात प्रत्येक फाइलला तो असतो. त्या तारखेला कोण हजर होतं, काय झालं, हुकूम काय झाला, हे क्लार्कने लिहून फाइलच्या आत लावायचं. बाबांनी तीस वर्षं तेच काम केलं होतं. प्रत्येक खटल्याचा त्यांनी मराठीत रोजनामा लिहिला होता आणि हात सवयीने चालावा तसा खळीने आत लावून टाकला होता.

"पप्पा एकदम जंटलमन होते, लेकिन तीनशे साल पुरानी किताब को कोई आटा लगाता है? कसर लागेल, कसर! मेरा कस्टमर तो रो देगा."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाई, तुमचा कस्टमर रडेल तेव्हा रडेल. आम्ही तीस वर्षं रडतोय. दिवाळीत लोक खळ शिजवतात ती कागदाची तोरणं करायला, आमच्याकडे चेटकिणी चिकटवायला."

जितेंद्रभाई हसले. मग गंभीर होऊन मला पद्धत दाखवली. कापूस ओला करायचा, पिळायचा, कागदावर दहा मिनिटं ठेवायचा, मग लोण्याच्या सुरीने कोपऱ्यातून हलकेच उचलायचं. "जोर नाही लावायचा. निघेल तेवढं निघेल. पंधरा दिवसांनी मी येतो."

रोज कॉलेजातून आल्यावर मी चार-पाच पुस्तकं घ्यायची. कागद भिजेपर्यंत दहा मिनिटं करायला काही नसायचं, म्हणून मी ते वाचायची.

बाबांनी सगळं कोर्टाच्या साच्यात बसवलं होतं. आरोपी: विधवा, वय साठ, दूध विकते. आरोप: शेजारणीची गाय आटली. वकील: नाही. आरोपीचा जबाब: मी गरीब बाई आहे. हुकूम: फाशी. एकीवर आरोप होता की तिने ताकाची रवी थांबवली. एकीने म्हणे मांजराशी गप्पा मारल्या. गावांची नावं इंग्रजी, पण बाबांच्या अक्षरात ती बाया-माणसं आपल्या शेजारची वाटत होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की प्रत्येक रोजनाम्यात एकच ओळ लाल शाईने अधोरेखित आहे. साक्षीदाराची. साक्षीदार क्रमांक दोन, मुलगी, वय अकरा. साक्षीदार क्रमांक एक, नातू, वय आठ. साक्षीदार, आरोपीची स्वतःची मुलगी, वय नऊ.

मी मागे जाऊन आधीचे सगळे कागद पुन्हा पाहिले. चेटकिणींचा प्रत्येक खटला बाबांनी घेतला नव्हता. ज्यात लहान मुलाने साक्ष दिली, तेवढेच घेतले होते. एका कागदाखाली बारीक अक्षरात टिपण होतं: "एरवी चौदा वर्षांखालच्या मुलाला शपथ देत नसत. चेटकाच्या खटल्यात मात्र चालवून घेत. न्यायाधीशाने मुलाला टेबलावर उभे केले, म्हणजे सर्वांना दिसावे."

बाबांना टेबलावर उभं केलेलं ते मूल हवं होतं. पण का?

नवव्या दिवशी एका जाड पुस्तकातला कागद उचलला, तर त्याच्याखाली आणखी एक कागद होता. वरच्याने पूर्ण झाकलेला. मी तो भिजवला नाही. तसाच वाचला.

"ठिकाण: मोरवा. तारीख: आठवत नाही. मिठाचा हंगाम.

आरोपी: रखमाबाई, वय अंदाजे तीस.

आरोप: भुताळी आहे. हिच्यामुळे मिठागरात मीठ पिकेना व दोन मुले दगावली.

समोर: धर्माजी भगत व गावकरी. वकील: नाही.

साक्षीदार क्रमांक एक: ईश्वर बाळाराम भोईर, वय वर्षे नऊ, आरोपीचा पुतण्या. साक्षीदाराने सांगितले की काकीस तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून बांधावर उभी राहून पुटपुटताना पाहिले.

आरोपीचा जबाब: मी घरी होते. आनंदीला ताप होता, तिच्या उशाशी होते. जबाब कोणी ऐकला नाही.

हुकूम: आरोपीने मुलीसह आजच गाव सोडावे.

टीप: साक्षीदाराने असे काहीही पाहिले नव्हते. काय सांगायचे ते त्यास आदल्या दिवशी वडिलांनी शिकवले.

नक्कल: आनंदी, पाली, हिला देणे. दिली नाही."

खाली बाबांची सही. कोर्टात करायचे तशी, पूर्ण नावाची: ईश्वर बाळाराम भोईर.

कापूस हातात वाळला.

आनंदीआत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण. भाईंदरजवळच्या मोरव्याला आमचं घर होतं, मिठागरात वाटा होता, आणि काही भांडणावरून तिची आई, जिला घरात सगळेच रखमाकाकू म्हणायचे, तिला घेऊन समुद्रकाठच्या पालीला गेली, इतकंच मला लहानपणापासून माहीत होतं. तिचा नवरा, म्हणजे बाबांचे काका, मोरव्यातच राहिले. रखमाकाकूने पालीत सुकी मासळी खारवून, वाळवून दिवस काढले. आत्याचं लग्नही तिथेच झालं. बाबा नोकरीला लागल्यापासून दर भाऊबीजेला पालीला जायचे. मी लहान असताना मलाही न्यायचे. बस मोरव्यावरून जायची तेव्हा ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचे. आत्या त्यांना पाटावर बसवून ओवाळायची आणि ते मान खाली घालून बसायचे. मला वाटायचं, बाबा लाजतात.

कागद मी आईला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. वाचून झालं तरी निवडतच राहिली.

"सासऱ्यांना भावाचा मिठागरातला वाटा हवा होता," ती शेवटी म्हणाली. "बायको-पोर गावाबाहेर गेली की भावामागे दुसरा वारस नव्हता. एवढं ऐकून होते. हे पोराच्या तोंडून वदवून घेतलंय, हे नव्हतं माहीत." मग म्हणाली, "भाऊबीजेला पालीहून आले की रात्री जेवायचे नाहीत. मी म्हणायची, बहिणीकडचे बोंबील हादडून येतात, आता घरची आमटी कशी गोड लागेल. असं टोचून बोलायची मी त्यांना."

"हा कागद आत्याला द्यायला हवा, आई."

"कशाला?"

"त्यांनी लिहिलंय. नक्कल देणे."

"त्यांनी 'दिली नाही' असंही लिहिलंय. पन्नास वर्षं पायाखाली रस्ता होता, पाऊण तासावर घर होतं. त्यांना नाही झालं. तू कोण मोठी बेलीफ लागून गेलीस?" तिने सुरी खाली ठेवली. "त्या बाईने त्यांना इतकी वर्षं ओवाळलं, सुरुची. तिला एकच भाऊ. तो चांगला होता एवढंच तिच्याकडे उरलंय. ते तू कागद दाखवून काढून घेणार? आणि त्यांचं काय? माणूस मेल्यावर त्याला पिंजऱ्यात उभं करायचं?"

आई बोलत होती ते खरं होतं. आत्या बाबांच्या तेराव्याला आली होती तेव्हा फोटोसमोर बसून म्हणाली होती, माझा ईश्वर देवमाणूस. मी कागद नेला तर तिचा देवमाणूस जाणार होता. नाही नेला तर तो कागद माझा होणार होता. पुढची तीस वर्षं मी तो कुठल्या पुस्तकात लपवायचा?

चार दिवस मी कागद पर्समध्ये घेऊन कॉलेजला जात होते. जितेंद्रभाईंना फोन करून सांगितलं, की एक पुस्तक मी ठेवून घेणार आहे, बाकीची खुशाल न्या. ते म्हणाले, "रखो रखो, एखादं तरी पप्पांचं पाहिजे घरात." पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी आईला म्हटलं, पालीला जाऊन येते. आईने डब्यात अनारसे भरून दिले. कशाला जातेस, हे विचारलं नाही.

पालीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की रिक्षा बाहेरच सोडावी लागते. आत्याच्या घरासमोर तिचा मुलगा सूरज दुचाकी उघडून बसला होता. पन्नाशीचा माणूस, घरापुढेच त्याचं गॅरेज आहे.

"आयो, भाईंदरची मास्तरीण आली गो!" त्याने आत ओरडून सांगितलं. "वही-पेन लपव, तपासायला घेईल!"

आत्या ओट्यावर आली. त्र्याहत्तर वर्षांची, लहान चणीची, नऊवारीचा काष्टा अजून घट्ट. "ये गो, सुरू. आयस कशी हाय? जेवते ना नीट? ईश्वराच्या मागं ती खंगली बग."

आम्ही आत बसलो. चहा झाला. अनारसे तिने देवापुढे ठेवले. मग म्हणाली, "बोल. तुजा चेहरा काय तरी बोलाचा हाय."

मी आधी विचारलं, "आत्या, मोरव्याहून तुम्हाला का निघावं लागलं, ते तुला आठवतं?"

"आठवतं म्हंजे? मी उभी होते ना तितं. अंगात ताप होता म्हनं, पन आठवतं. सगला गाव होता. ईश्वराला उभा केला होता खाटेवर."

म्हणजे तिला माहीत होतं. मी म्हटलं, "म्हणजे बाबांनी साक्ष दिली ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय तर! पोर होता तो. जे पायलं ते बोलला. त्याचा काय गुना? मी त्याला कदी शब्द बोलले न्हाय. खरं बोलनाऱ्याला काय बोलाचं?"

मी जे घेऊन आले होते त्याचा अर्थच बदलला. मी आले होते ती बाबांना तिच्या नजरेतून उतरवायला. तिने बाबांना कधीच माफ केलं होतं, पण ते खरं बोलले म्हणून.

"आत्या," मी म्हटलं, "रखमाकाकू बांधावर गेली होती, असं तुला वाटतं?"

ती दाराकडे बघून, आवाज खाली करून म्हणाली, "मंग? ईश्वरानी डोल्यांनी पायलं ना."

मी पर्समधून कागद काढला. तो काय आहे ते सांगितलं, कुठे सापडला ते सांगितलं. वाचू का, विचारलं. ती म्हणाली, वाच. मी सगळा वाचला. टीप आली तेव्हा ती ओळ मी दोनदा वाचली. साक्षीदाराने असे काहीही पाहिले नव्हते.

बाहेर सूरज पाना शोधत कुणाला तरी शिव्या देत होता.

मी ओरडण्याची वाट पाहत होते. बाबांना शिव्या द्याव्यात, कागद फाडावा, मला घराबाहेर काढावं. सगळ्याची तयारी मी रिक्षात केली होती.

"म्हंजे ती गेली नव्हती," आत्या म्हणाली.

"नाही."

"मना ताप होता म्हून माज्याजवल होती."

"हो."

तिने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघायला लागली. "मी तिचे केस कापले," ती म्हणाली. "ह्या हातांनी. सूरज पोटात होता तवा. मना सातवा लागला होता. मना भ्या वाटली. म्हटलं, ही केस सोडील आनि माज्या पोराला काय करील. कातर घेतली आनि तिला म्हटलं, बस खाली. ती बसली. म्हनली, काप. दुसरा एक शब्द बोलली न्हाय, सुरू. पाठ करून बसली गप. गुडघ्यावर पडलेले केस तिनंच गोला केले, तिनंच बाहेर टाकले."

रखमाकाकू मला आठवते. मी सात-आठ वर्षांची असेन. ओट्यापासून लांब, मासळी वाळवायच्या जागेजवळ बसलेली म्हातारी, डोक्यावर पुरुषासारखे बारीक केस. तिला आजार असेल असं मला वाटलं होतं. बाबांनी तिच्या पाया पडून तिच्या हातात लुगडं दिलं, तेव्हा तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता. तो हात ठेवताना तिला सगळं माहीत होतं, आणि बाबांनाही. माहीत नव्हतं फक्त ओवाळणारीला.

मी आत्याला म्हणाले, "बाबांना सांगायचं होतं. त्यांनी लिहून ठेवलं."

"कागदावर लिवलं," ती म्हणाली. रागाने नाही. "मी साक्षात समोर होते. दर वर्साला. एवडं एक वाक्य बोलाचं होतं. ती जिती असताना बोलाचं होतं. मी तिला घरात घेतली असती गो. ती भाएरच झोपली, मरेपर्यंत, त्या पडवीत. सूरजला मी कदी तिच्या मांडीवर दिला न्हाय."

साक्ष दिली तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते, हे मी म्हणू शकले असते. पण शेवटच्या भाऊबीजेला ते त्र्याहत्तर वर्षांचे होते.

तिने पदराने तोंड पुसलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "सूरज! ए सूरज, हिकडं ये."

"हात काले हायेत!"

"असू देत. ये."

सूरज चिंधीला हात पुसत दारात उभा राहिला. आईचा चेहरा बघून त्याची थट्टा तोंडातच राहिली.

"बस," आत्या म्हणाली. "सुरू वाचतेय ते ऐक. तुज्या आजीचं हाय. वाच गो. पयल्यापासून."

मी पुन्हा वाचलं, मोरव्यापासून सहीपर्यंत. सूरज उकिडवा बसून ऐकत होता. त्याला कोर्टाचे शब्द कळले नाहीत, तिथे मी थांबून सांगितलं. बाबांचं नाव आलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटतं, माझ्यासाठी.

वाचून झालं. त्याने बोटांतलं ग्रीस चिंधीने पुन्हा पुन्हा पुसलं.

"मंग आजी अशी लांब का बसायची?" त्याने विचारलं. "मी शालेतून आलो का लांबूनच हाक मारायची. पेरू फेकायची माज्याकडं, हातात द्यायची न्हाय. मना वाटायचं तिला मी आवडत न्हाय."

आत्या म्हणाली, "मी सांगलं होतं तिला, म्हून."